पिन पिवळ्यात शिरताच बाण का सुटतो? टार्गेट पॅनिकविषयी एका प्रशिक्षकाचे उत्तर

प्रश्न विचारणारे गृहस्थ पुण्यात नोकरी सांभाळून तीन वर्षांपासून कंपाउंड धनुष्य (टोकांना चाके असलेले) चालवतात. आपली अडचण त्यांनी नेमक्या शब्दांत मांडली आहे. ५० मीटरवर पूर्ण ओढ घेतल्यानंतर, म्हणजे दोरी पूर्ण मागे ओढल्यावर, साइटची (नेम धरायच्या साधनाची) पिन टार्गेटच्या मध्यातल्या पिवळ्याच्या खाली, लाल पट्ट्यात येऊन थांबते आणि ती वर न्यायची इच्छा असूनही हात वर जात नाही. बळेच नेली, तर पिन पिवळ्याला लागते न लागते तोच बोट रिलीजच्या, म्हणजे दोरी धरून सोडणाऱ्या हातातल्या साधनाच्या, ट्रिगरवर आपटते, डावा खांदा पुढे झेपावतो आणि बाण खाली डावीकडे जाऊन बसतो. दोनदा रिलीज बदलून झाले, प्राणायाम करून झाला, ‘मन खंबीर करा’ हा सल्ला रेंजवरच्या बहुतेकांनी देऊन झाला. हा आपल्या मनाचा दुबळेपणा आहे का आणि यातून बाहेर पडता येते का, एवढेच त्यांना आता जाणून घ्यायचे आहे.

याला टार्गेट पॅनिक म्हणतात. मनाच्या दुबळेपणाशी याचा संबंध नाही, आणि बाहेर पडता येते. मात्र त्यासाठी दोन-तीन महिने गुणांचा हिशेब पूर्णपणे बाजूला ठेवावा लागतो. मेहनतीला कमी न पडणारे तिरंदाजही नेमके हेच करायला तयार नसतात.

आधी हे घडते कसे ते नीट समजून घेऊ, कारण ते समजल्याशिवाय उपायांवर विश्वास बसत नाही. नेम धरायला शिकलेल्या प्रत्येक तिरंदाजाच्या शरीराने हजारो वेळा एकच क्रम अनुभवलेला असतो: पिन पिवळ्यावर आली आणि बाण सुटला. सुरुवातीला या दोन घटनांच्या मध्ये निर्णयाची एक जागा असते. पुढे सरावाने ती आक्रसत जाते आणि एके दिवशी नाहीशी होते. त्यानंतर पिवळा दिसणे हाच बाण सोडण्याचा हुकूम ठरतो. बोटाला तो हुकूम डोळा परस्पर देतो, तुम्हाला विचारत नाही. त्यातच बाण सुटतानाचा धक्का आणि आवाज शरीराला आधीपासून ठाऊक असतो. म्हणून खांदा, डावा हात आणि कधीकधी पापण्यासुद्धा तो धक्का येण्याआधीच त्याला तोंड द्यायला धावतात. आपण ज्याला दचकणे म्हणतो ते हेच.

पिन खाली अडकणे हा याच प्रतिक्षिप्त क्रियेचा दुसरा चेहरा आहे. पिवळ्याला स्पर्श झाला की बाण सुटणार, हे शरीराला पक्के माहीत असते. तुम्ही अजून तयार नसता, अँकर (ओढणारा हात चेहऱ्यापाशी टेकवण्याची ठरलेली जागा) नुकताच लागलेला असतो. अशा वेळी शरीर पिनला पिवळ्यापर्यंत पोहोचूच देत नाही. वर जाऊ न शकणारा हात आणि ट्रिगरवर आपटणारे बोट ही दोन वेगळी दुखणी मानून अनेक जण पहिल्यासाठी खांद्याचा व्यायाम आणि दुसऱ्यासाठी नवे रिलीज, असा खर्च करत राहतात. मूळ एकच असल्याने त्यातून हाती काही लागत नाही.

डोळ्याच्या हुकुमावर बाण सोडणे का फसते, हे आकड्यांतही पाहता येते. एखादी गोष्ट दिसल्यापासून स्नायू हलेपर्यंत माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात. पिन तर सतत हलतच असते. म्हणजे पिन दहाच्या मध्यावर दिसली म्हणून तुम्ही बोट दाबले, तर बाण सुटेपर्यंत ती तिथून निघून गेलेली असते. ट्रिगरला झटका दिल्याने ती आणखी लांब फेकली जाते ते वेगळेच. दोरी सुटल्यापासून बाण दोरीला सोडून जाईपर्यंत मात्र सेकंदाचा जेमतेम ५०वा ते ६०वा भाग जातो. हातांनी शांत राहायचे ते एवढ्याच काळात, आणि दचकणारा हात नेमक्या त्याच काळात हललेला असतो. पिन पिवळ्याभोवती संथपणे फिरत असताना तिच्याकडे दुर्लक्ष करून बाण सोडला, तर गट पिवळ्याभोवतीच पडतो. गणिताच्या दृष्टीने नेम ‘पकडण्यापेक्षा’ नेम ‘राहू देणे’ जास्त फायद्याचे आहे.

ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याच्या अदिती स्वामी महिलांच्या कंपाउंड प्रकारात जगज्जेत्या झाल्या आणि नागपूरच्या ओजस देवतळे यांनी पुरुषांची अंतिम फेरी १५० पैकी १५० गुणांनी जिंकली. त्यानंतर कंपाउंड शिकायला येणाऱ्या मुलांशी बोलताना एक समजूत वारंवार आढळते: त्या १५ बाणांच्या वेळी पिन दहावर खिळून राहिली असणार. पिन कोणाचीच खिळून राहत नाही, जगज्जेत्याचीही नाही. ५० मीटरवर दहाचे वर्तुळ केवळ ८ सेंटिमीटर व्यासाचे असते आणि जिवंत माणसाचा हात त्यापुढे थोडाफार डोलतोच. फरक असतो तो डोलणारी पिन पाहूनही सोडण्याची क्रिया अखंड चालू ठेवता येण्यात. कंपाउंडमध्ये नऊ गुणसुद्धा चूक वाटू लागतात, आणि अचूकतेची हीच हाव डोळ्याला ट्रिगरवर बसवते. त्यामुळे हे दुखणे आळशी तिरंदाजापेक्षा काटेकोर तिरंदाजाला लवकर जडते, असे माझे निरीक्षण आहे.

आपले दुखणे याच जातीचे आहे का, याची खात्री एका साध्या परीक्षेने होते. आपल्या प्रशिक्षकांना शेजारी उभे करा. १८ मीटरवर नेहमीचे टार्गेट लावा. बोट ट्रिगरच्या मागे, सुरक्षित जागी ठेवायचे, पूर्ण ओढ घ्यायची, पिन पिवळ्यात न्यायची आणि प्रशिक्षक सावकाश आठ अंक मोजेपर्यंत तिथेच ठेवून ओढ उतरवायची. हा बाण कोणत्याही परिस्थितीत सोडायचा नाही, हे आधीच ठरलेले असावे. हडपसरकडून येणाऱ्या एका महाविद्यालयीन मुलीची ही परीक्षा मी घेतली, तेव्हा तिची पिन पिवळ्यात अशी स्थिरावली की तिचा तिलाच विश्वास बसेना. पुढच्याच बाणाला मी म्हटले, ‘आता सोडायचा.’ धनुष्य तेच, अंतर तेच, थकवाही नव्हता. अँकर लागताच तिच्या डाव्या हाताची करंगळी आणि अनामिका ग्रिपभोवती आवळली गेली, मानेची शीर ताठ झाली, पिन लाल पट्ट्यात अडकली आणि बोट ट्रिगरवर येताच खांदा उडाला. हात धरून ठेवू शकतो, डोळ्याला दिसते आणि मनाला नेम कळतो, हे पहिल्या बाणाने सिद्ध झाले होते. बिघाड फक्त ‘सोडायचे आहे’ या जाणिवेला चिकटलेला होता. तुमच्याही बाबतीत असेच दिसले, तर खाली दिलेला मार्ग तुमच्यासाठी आहे.

सोडायचे नाही हे ठरलेले असतानाही पिन थरथरत असेल किंवा खाली घसरत असेल, तर आधी धनुष्य तपासा. दचकण्याची बरीच उदाहरणे शरीराच्या साध्या तक्रारीतून सुरू होतात आणि सवय होऊन राहतात. दोरी कोपराच्या आतल्या बाजूला लागत असेल, तर हात दचकणारच. कोपर थोडे बाहेर फिरवून आणि आर्मगार्ड लावून ते आधी थांबवावे. टॅब (बोटांवरची संरक्षक पट्टी) झिजून बोटांना दोरी चावत असेल, तर टॅब बदलावा. बो-स्लिंग (धनुष्य हाताला अडकवून ठेवणारी दोरी) नसेल, तर सुटलेले धनुष्य पडेल या धास्तीने पंजा आवळला जातो. शंभर-दोनशे रुपयांच्या दोरीने तो प्रश्न मिटतो. कंपाउंडचा ड्रॉ लेंग्थ (दोरी ओढण्याची लांबी) अर्धा इंच जरी जास्त असला, तरी खांदे मागे कलतात आणि पिन स्थिर होण्याचे नाव घेत नाही. साइटवरच्या स्कोपची लेन्स फार मोठे दाखवणारी असेल, तर हाताचा डोलही मोठा दिसतो आणि घाबरायला निमित्त मिळते. काही काळ कमी शक्तीची लेन्स लावा आणि बारीक ठिपक्याऐवजी पिवळ्याभोवती बसेल असे मोठे वर्तुळ वापरा. डोळ्याला मध्यबिंदू ‘पकडायला’ मिळाला नाही की तो बराच निवळतो.

धनुष्याच्या वजनाविषयी, म्हणजे ते ओढायला लागणाऱ्या जोराविषयी, मात्र मला जरा जास्त बोलायचे आहे, कारण पुण्यात ही चूक फार होते. आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट या शहरात आहे. टोकियो ऑलिम्पिकच्या आधी रिकर्व्हचे (चाके नसलेल्या धनुष्याचे) राष्ट्रीय शिबिर तिथे होते आणि त्या संघात फलटण तालुक्यातल्या सरडे गावचे प्रवीण जाधव होते. असे खेळाडू जवळून पाहायला मिळणे हे मुलांचे भाग्यच आहे. पण मुले त्यांची शिस्त उचलण्याआधी त्यांचे पाउंड उचलतात. ४५ ते ५० पाउंड ओढणाऱ्या जवानाच्या पाठीमागे अनेक वर्षांचा रोजचा सराव असतो. दहावीतल्या मुलाने वर्षभरात ४० पाउंडांचे लिंब (धनुष्याच्या वाकणाऱ्या भुजा) लावले, तर ७० मीटरवर नेम धरता येतो खरा, पण ओढ पूर्ण होईपर्यंत पाठीतला जोर संपलेला असतो आणि ‘आता लवकर सोडून टाक’ ही घाई प्रत्येक बाणाबरोबर शरीरात मुरत जाते. कंपाउंडचेही तसेच आहे. ५० पाउंडांच्या धनुष्यात ७५ टक्के लेट-ऑफ (पूर्ण ओढीवर कमी होणारा भार) असेल, तर पूर्ण ओढीवर हाताला साडेबारा पाउंडच धरायचे असतात हे खरे, पण तिथपर्यंत पोहोचताना जो झगडा होतो तो खांद्यात शिल्लक राहतो. या उपचाराच्या काळात वजन निदान १० टक्क्यांनी उतरवा. रिकर्व्हवाल्यांनी शक्य असल्यास क्लबमधले २४ ते २८ पाउंडांचे लिंब मागून घ्यावेत. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

आता उपायाकडे वळतो. बाण सोडण्याचा अधिकार डोळ्याकडून काढून घ्यायचा आणि तो एका संथ, जाणीवपूर्वक चालणाऱ्या, मध्येच थांबवता येणाऱ्या हालचालीकडे द्यायचा, एवढेच या सगळ्या सरावाचे उद्दिष्ट आहे. माणसाच्या हालचाली ढोबळपणे दोन प्रकारच्या असतात. काही हालचाली सुरू झाल्या की संपेपर्यंत थांबत नाहीत, कारण त्यांचा पूर्ण आदेश आधीच सुटलेला असतो. ट्रिगरला दिलेला झटका त्यातला. काही हालचालींत मात्र शरीर क्षणोक्षणी खबर घेत असते, सुईत दोरा ओवताना घेते तशी, आणि त्या कुठेही थांबवता येतात. पाठीच्या स्नायूंनी सावकाश ताण वाढवत नेऊन रिलीज सुटू देणे ही दुसऱ्या प्रकारची हालचाल होऊ शकते. तिच्यात दचकायला जागा राहत नाही, कारण बाण नेमका कोणत्या क्षणी सुटेल हे शरीराला आधी कळत नाही आणि त्यामुळे धक्क्याला तोंड देण्याची तयारी करता येत नाही.

सुरुवात कोऱ्या बटवर, म्हणजे बाण अडवणाऱ्या जाड फळीवर, करायची. टार्गेटचा कागद काढून टाका, साइट काढून टाका आणि बटपासून तीन-चार मीटरवर उभे राहा. डोळे उघडे ठेवून ओढ घ्या, बाण बटच्या मध्यभागाकडे आहे याची खात्री करा आणि मगच डोळे मिटा. आता लक्ष फक्त पाठीकडे, उजव्या खांद्याच्या पात्याकडे द्यायचे. पाते कण्याकडे सरकत राहते आहे, हे जाणवले पाहिजे. माझ्याकडची मुले या वेळी तोंडाने ‘ओढ… ओढ… ओढ…’ असे म्हणत राहतात, पुटपुटत नाहीत, चांगले ऐकू जाईल असे म्हणतात. मोठ्या माणसांना सुरुवातीला संकोच वाटतो. तरीही म्हणा. शब्द चालू असेपर्यंत लक्ष हालचालीवर टिकते, आणि झटका द्यायच्या आधी शब्द तुटतो. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला तो तुटलेला लगेच ऐकू येतो. आरशापेक्षा किंवा मोबाईलच्या चित्रफितीपेक्षा ही खूण जास्त भरवशाची आहे. शब्द तुटला की बाण सोडायचा नाही, ओढ उतरवायची आणि श्वास घेऊन पुन्हा सुरुवात करायची.

दिवसाला ५० ते ६० बाण पुरेत, पण प्रत्येक बाण असाच गेला पाहिजे. तीन आठवडे फक्त हेच. अनेकांना चौथ्या-पाचव्या दिवशीच सारे छान वाटू लागते आणि रविवारी सकाळी ते ‘जरा बघू तरी’ म्हणून ५० मीटरवर जाऊन उभे राहतात. तसे करू नका. जुनी सवय पुसली गेलेली नसते. तिच्या शेजारी नव्या सवयीची वाट अजून कच्ची असते, आणि पिवळा दिसताच शरीर रुळलेल्या वाटेनेच जाते. कोऱ्या बटवर उभे राहणे नवशिक्यांचे काम आहे, असे वाटून ज्यांना रेंजवर अवघडल्यासारखे होते, त्यांनी गर्दी नसलेली वेळ निवडावी. घरी सराव करायचा असेल, तर रबरी पट्टा घेऊन गच्चीवर करा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये किंवा गच्चीवर खरा बाण कधीही लावू नये, मग बट कितीही जाड असो. आणि बाणाशिवाय रिकामे धनुष्य सोडू नये, हे तर तुम्हाला पहिल्याच दिवशी शिकवले गेले असेल.

या काळातच, पण वेगळ्या वेळी, बाण न सोडता नेम धरण्याचा सराव सुरू करा. परीक्षेत केले तेच इथे करायचे: पाच मीटरवर मोठा कागद, पूर्ण ओढ, पिन पिवळ्यात, सहा ते आठ सेकंद, मग ओढ उतरवायची. अशा दहा-पंधरा ओढी रोज. पिवळा दिसला की बाण सुटतोच, हे शरीराचे गृहीतक मोडायचे असेल, तर पिवळा दिसला आणि काहीच झाले नाही, असा अनुभव त्याला शेकडो वेळा द्यावा लागतो. ओढ उतरवताना कंपाउंडवाल्यांनी विशेष काळजी घ्यावी. बोट किंवा अंगठा ट्रिगरपासून दूर आणि बाणाचे टोक शेवटपर्यंत बटकडेच असावे. लेट-ऑफच्या टप्प्यातून बाहेर येताना धनुष्य एकदम पुढे खेचते, तेव्हा उजवे कोपर पुढे जाऊ देत सावकाश सोडत यावे. ज्यांना हे नीट जमत नाही, त्यांनी प्रशिक्षकासमोर आधी तेवढेच शिकून घ्यावे. माझ्या मते ओढ उतरवता येणे हे या खेळातले सर्वांत दुर्लक्षित कौशल्य आहे. कित्येक चांगले तिरंदाज वर्षभरात मोजक्याच वेळा ओढ उतरवतात. बिघडलेला बाण ‘आता घेतलाच आहे तर’ म्हणून सोडून देतात, आणि त्या प्रत्येक बाणाबरोबर डोळ्याचा हुकूम आणखी पक्का होतो.

तीन आठवड्यांनंतर हे दोन सराव एकत्र आणायचे. पाच मीटरवरच, मोठ्या कागदावर, साइट लावून. इथे एक युक्ती उपयोगी पडते. चिठ्ठ्या करून खिशात ठेवा: दोन चिठ्ठ्यांवर ‘खाली’ आणि एकीवर ‘चालू’. शेजाऱ्याने चिठ्ठी काढायची आणि तुमची पिन पिवळ्यात स्थिरावल्यावरच शब्द उच्चारायचा. ‘खाली’ म्हटले की ओढ उतरवायची. ‘चालू’ म्हटले की बाण मुद्दाम सोडायचा नाही, फक्त ‘ओढ… ओढ…’ सुरू करायचे. बाण आपोआप सुटेल तेव्हा सुटेल. पिवळ्यात पिन असताना पुढे काय करायचे हे तुम्ही ठरवता, पिन ठरवत नाही, हा अनुभव यातून हळूहळू अंगात उतरतो. शेवटी शब्द शेजाऱ्याऐवजी तुम्ही स्वतः मनात म्हणू लागता.

यानंतर अंतर वाढवायचे: पाचावरून दहा, अठरा, तीस आणि सर्वांत शेवटी पन्नास मीटर. प्रत्येक टप्प्यावर कागद आधी मोठा ठेवा, मग लहान करा. एका सत्रात दोनदा शब्द तुटला किंवा एकदाही खांदा उडाला, तर त्या दिवशी आधीच्या टप्प्यावर परत जा. कोणाला हा प्रवास सहा आठवड्यांत जमतो, कोणाला चार महिने लागतात, आणि दुखणे जितके जुने तितका वेळ जास्त. या काळात गुण मांडायचेच असतील, तर बाण कुठे लागला याचे मांडू नका. हालचाल शेवटपर्यंत चालू राहिली तर एक गुण, नाहीतर शून्य. दहात लागलेल्या झटक्याच्या बाणाला शून्य आणि सातात लागलेल्या स्वच्छ बाणाला एक गुण द्यायला जड जाते, पण द्यायचाच.

दोनदा रिलीज बदलल्याचे तुम्ही लिहिले आहे. नव्या रिलीजने काही आठवडे फार बरे वाटते, कारण शरीराला त्याची वेळ अजून उमगलेली नसते. ती उमगली की जुने दुखणे नव्या उपकरणावर येऊन बसते. हिंज रिलीज फिरवल्याने सुटते आणि त्याला ट्रिगर नसतो, म्हणून ते रामबाण समजले जाते. पण मनगटाला झटका देऊन हिंजसुद्धा ‘मारता’ येते, आणि असे मारणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. ठरावीक ताण आल्यावर सुटणारे टेन्शन रिलीज कोऱ्या बटवरच्या सरावासाठी चांगले आहे. आधी झेपेल इतक्या कमी ताणावर, प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली ते शिकावे. तुमच्याकडे अंगठ्याच्या ट्रिगरचे रिलीज असेल, तर आणखी खर्च न करता त्याचा ट्रिगर थोडा जड करा, अंगठा त्यावर खोलवर टेकवा आणि पाठ ओढत राहा. हलका ट्रिगर दचकणाऱ्या बोटाला अजिबात मानवत नाही.

रिकर्व्ह चालवणाऱ्या वाचकांसाठी क्लिकरविषयी थोडे सांगतो. बाणाचे टोक क्लिकरच्या पट्टीखालून बाहेर आले की ‘टक’ असा आवाज येतो आणि तो ऐकून बाण सोडायचा असतो. म्हणजे डोळ्याऐवजी कानाने हुकूम द्यावा, अशी ही मुळात चांगली व्यवस्था आहे. तीही बिघडते. टोक दोन मिलिमीटर आत अडकून राहते, मूल थरथरते, पण पुढे सरकत नाही. किंवा ‘टक’ होताच सगळे अंग सैल पडून बाण खाली जातो. पहिल्या प्रकारात आधी क्लिकरची जागा तपासा. बारा ते पंधरा वर्षांची मुले भराभर वाढतात, त्यांचा ड्रॉ वाढतो, आणि सहा महिन्यांपूर्वी लावलेला क्लिकर आज लवकर वाजतो. मग मूल आधीच घाईत सोडू लागते किंवा तो वाजू नये म्हणून ओढ चोरू लागते. दुसऱ्या प्रकारावर ‘टक’ झाल्यावरही न सोडण्याचा सराव करावा: आवाज आला की आणखी दोन सेकंद ओढत राहायचे आणि मग उतरवायचे. एक दिवस असे केल्याने काही होत नाही. पंधरा दिवस नियमाने केले, की कान आणि बोटे यांच्यातली गाठ सुटू लागते.

तुम्ही एकटे नाही, हेही सांगायला हवे. गोल्फमध्ये छोटा पट (चेंडू खड्ड्यात ढकलण्याचा हलका फटका) मारताना हात झटकणे, डार्ट्समध्ये बोटांतून डार्ट न सुटणे हे याचेच भाऊबंद आहेत. डार्ट्सचे पाच वेळचे जगज्जेते एरिक ब्रिस्टो यांना ऐन बहरात हा त्रास झाला. गोल्फमधल्या या त्रासाच्या अभ्यासात संशोधकांना दोन प्रवाह दिसले आहेत: काहींमध्ये दडपणाचा भाग मोठा असतो, तर काहींमध्ये ठरावीक कामापुरता स्नायूंच्या आदेशात बिघाड झालेला असतो. तुमचा हात लिहिताना, चावी फिरवताना किंवा टाइप करतानाही वाकडा होत असेल, तर सरावाच्या आधी मेंदू व मज्जासंस्थेच्या डॉक्टरांना दाखवून घ्या. आणि ‘स्पर्धेआधी अर्धी गोळी घे, हात थरथरणार नाही’ असे कोणी सुचवले, तर ऐकू नका. हृदयाचे ठोके मंदावणारी बीटा-ब्लॉकर गटाची औषधे तिरंदाजीत स्पर्धेच्या वेळी आणि स्पर्धेबाहेरही प्रतिबंधित आहेत. ज्यांना ती रक्तदाबासाठी डॉक्टरांनी दिली आहेत, त्यांनी औषध परस्पर थांबवू नये. डॉक्टरांशी आणि संघटनेशी आधी बोलून घ्यावे.

मुलांच्या पालकांसाठीही यात काही आहे. महाराष्ट्रात दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात, शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, आणि त्यामुळे एखाद्या प्रमाणपत्रासाठी घर किती आशेने पाहत असते ते मी जाणतो. त्या आशेला मी नावे ठेवत नाही. पण रेंजच्या फाटकावर मूल बाहेर येताच ‘आज किती झाले?’ हा पहिला प्रश्न विचारला जातो, आणि मूल उद्याच्या सरावात पिवळ्याकडे पाहताना त्या प्रश्नाचेच उत्तर शोधत असते. उपचाराच्या काळात तो प्रश्न विचारू नका. विचारायचेच असेल, तर ‘आज किती वेळा उतरवलेस?’ असे विचारा. आकडा मोठा असला, तर त्याचे कौतुक करा.

स्पर्धेत परतताना लगेच राज्य स्पर्धेची निवड चाचणी गाठू नका. आधी क्लबमधल्या दोघा-तिघांबरोबर घड्याळ लावून खेळा. वैयक्तिक सामन्यात आळीपाळीने सोडताना एका बाणाला २० सेकंद मिळतात. त्यात एकदा ओढ उतरवून पुन्हा घेता येते, हे आधी स्वतःच्या अंगावर अनुभवलेले असावे. नाहीतर घड्याळ हे घाईचे नवे निमित्त ठरते. बहुतेकांना १२ ते १४ सेकंदांत पूर्ण बाण जमतो. म्हणजे सातव्या-आठव्या सेकंदाला शब्द तुटला, तर उतरवायला वेळ असतो. पंधराव्या सेकंदाला तुटला, तर तो बाण ओढत राहूनच सोडावा लागतो, आणि तो कुठे गेला याचा विचार लगेच सोडून द्यावा. वारा असेल त्या दिवशी जुने दुखणे डोके वर काढेल, कारण पिन जास्त डोलते आणि डोळा पुन्हा क्षण पकडायला जातो. तेव्हा ‘ओढ’ हा शब्द मोठ्याने म्हणायला लाजू नका.

तुमच्यापुरते सांगायचे, तर कोऱ्या बटचा टप्पा पावसाळ्यात करा. जून ते सप्टेंबर या काळात पुण्यातली मैदाने चिखलाची असतात, ५० मीटरवर जाण्याचा मोह आपसूक टळतो आणि तीन-चार मीटरसाठी एखादी शेड पुरते. आधी प्रशिक्षकांना सोबत घेऊन ड्रॉ लेंग्थ तपासून घ्या, वजन उतरवा, लेन्स बदला. त्याच दिवसापासून गुणांची वही घरी ठेवा. कोऱ्या बटचे तीन आठवडे संपल्यावर प्रत्येक शनिवारी आठ अंकांची ती परीक्षा द्या, ‘सोडायचा नाही’ आणि ‘सोडायचा’ या दोन बाणांतला फरक कमी होतो आहे का ते पाहा आणि तेवढेच लिहून ठेवा. दोन्ही बाणांत पिन सारखीच वागू लागली, की दहा मीटरवर जा.